गाळणीखालचं पाणी

"साहेब, तुम्ही पाणी तपासलंच नाही, आणि स्वच्छ आहे म्हणून शहराला सांगून मोकळे झालात."

पाणीखात्याच्या प्रयोगशाळेतली बाई दारातूनच बोलली. साहेबांनी पंख्याखालून मान वर केली.

"अहो, बसा आधी. तलावातलं शेवाळ मेलं ना? झालं तर! उन्हानं फुकटात काम केलं. त्यालाच आता नोकरीत कायम करू." स्वतःच्या विनोदावर साहेब स्वतःच हसले.

ती बसली नाही. "मेलं म्हणूनच आलेय. जिवंत होतं तोवर विष त्याच्या पोटात होतं. तलाव इतका तापला की पेशींनी आपला आपणच जीव दिला. फुटल्या. विष कुठे गेलं? पाण्यात. आणि आपण काय करतो? पाणी गाळतो, वर अडकलेला हिरवा थर तपासतो, खालचं बेसिनमध्ये ओतून देतो. थरच उरला नाही, मग विष सापडणार कुठून?"

"इतकी वर्षं असंच तपासतोय."

"इतकी वर्षं तलाव असा उकळला नव्हता. आज मी खालचं तपासलं. विषच विष आहे."

साहेब खुर्चीत चुळबुळले. "सकाळीच जाहीर केलंय, बाई. आता शब्द फिरवला तर लोक तोंडात शेण घालतील. दोन दिवस जाऊ द्या, उतरेल आपोआप."

तिच्या हातातला मोबाइल थरथरला. इस्पितळातून वहिनी. तिनं स्पीकर लावला.

"वन्सं, तुमच्या दादांना डायलिसिसच्या मशीनवर घेतायत. नळाच्याच पाण्यावर. तुम्ही नको म्हणालात, मशीनमधून पाण्यातलं विष थेट रक्तात उतरेल म्हणालात, म्हणून मी सिस्टरांचा हात धरून ठेवलाय. डॉक्टर म्हणतात, बाहेरून टँकर मागवतो, पण पाणी चांगलं आहे हे खात्यानं कळवलंय, तर चांगलं नाही हेही खात्याच्या साहेबांनीच सांगावं. यांचे पाय बघवत नाहीत हो, सुजून भोपळे झालेत. मागे अजून पाचजण थांबलेत. सगळे मलाच शिव्या देतायत."

साहेबांनी हातानंच खूण केली. फोन बंद करा.

तिनं तो टेबलावर ठेवला आणि त्यांच्या पुढ्यात सरकवला. पलीकडे कुणीतरी कण्हत होतं.

"वहिनी, साहेब ऐकतायत." मग ती त्यांच्याकडे वळली. "बोला. सुई टोचायची की नाही?"