रुंद भांग

"तुमचा डॉक्टर म्हणाला होता, चार वेळा टोचलं की पुरे. आज सहावी वेळ. कुठं हाय केस?" खुर्चीत पुढच्या उशीवर हनुवटी टेकलेली असूनही फिरोजाचा आवाज अख्ख्या क्लिनिकभर गेला.

टोकाला बारीक सुया असलेलं पेनासारखं यंत्र तिच्या भांगावरून घूं घूं करत सरकत होतं. बधिर करायचं मलम लावलं होतं, तरी कपाळाजवळ झोंबत होतं.

"चार वेळांनंतर बघू, असं म्हणाले असतील, खाला," सिस्टर म्हणाली.

"म्हणजे मी खोटं बोलते?"

सिस्टरने यंत्र पुढं सरकवलं. निळी टोपी, निळा मास्क आणि मधे दोन डोळे. महिन्यातून एकदा याप्रमाणे सहा महिन्यांत फिरोजाने तिचं एवढंच पाहिलं होतं. नावसुद्धा विचारलं नव्हतं. सिस्टर म्हटलं की भागत होतं. पण पहिल्या दिवशी यंत्र हातात घेताना ही पोरगी हळूच 'बिस्मिल्ला' म्हणाली, तेव्हा फिरोजाने तिला मॅडम-बिडम बंद करायला लावून, मावशीला म्हणतात तसं, खाला म्हणायला सांगितलं होतं. या क्लिनिकात तेवढा एकच दिलासा. बाकी सगळ्यांवर तिचा राग होता.

मुरुडला एकेकाळी तिच्या वेणीची चर्चा व्हायची. आता भांग दोन बोटं रुंद झाला होता. घरी गुडघ्याला शेक घ्यायला अलिबागला जाते, असं सांगून ती इथं येत होती. डिसेंबरात कैस, तिचा एकुलता एक मुलगा, दोहाहून महिन्याच्या रजेवर यायचा होता आणि त्याच रजेत निकाह उरकायचा होता. हळदीला बायकाबायकाच असतात, ओढण्या उतरतात. पाच गावच्या नणंदा-जावांपुढे हे डोकं कसं उघडं करायचं, या विचारानं तिचा जीव जळत होता. त्यात अजून मुलगीच पसंत पडलेली नव्हती.

"सात घरं पालथी घातली," ती म्हणाली. "लोक फसवतात गो. मुलीला सजवून पुढ्यात आणून बसवतात आणि डोक्यावरची ओढणी हलू देत न्हाय. मी सोडते होय? सांगते, पाठ कर, ओढणी काढ, वेणी सोड. मुलगी काय शिकली, कुठं नोकरी करते, मी विचारतच न्हाय. आधी केस. एकीची तर नुसती उंदराची शेपटी! तिचं तोंडसुद्धा धड बघितलं न्हाय मी. आणि कैसला नेमका तिचाच फोटो आवडलेला. मी म्हटलं, फोटोत पाठ दिसते होय?"

यंत्र थांबलं.

"काय झालं?"

"रक्ताचा थेंब आलाय. पुसते." कापसाचा गार बोळा टाळूला लागला. "मग काय सांगितलंत तिला?"

"तिला कशाला? ती तर एक शब्द बोलली न्हाय. तिच्या आईला सांगितलं तोंडावर. आमच्या घरात टकली नातवंडं नकोत. मागून बोलायची मला सवय न्हाय."

"आजारपणानंही जातात केस, खाला."

"माझे आजारपणानंच गेले!" फिरोजा ताडकन म्हणाली. "तिचे मुळातच तसले असणार."

यंत्र पुन्हा सुरू झालं.

"खरं सांग," शेवटी फिरोजा म्हणाली, "यानं केस येतात का?"

"कुणाला येतात, कुणाला नाही. लावायचं औषध रोज नेमानं लावलं तर आशा जास्त. नुसत्या सुयांनी उगवतील, असं मी सांगणार नाही. तुमचा भांग थोडा भरलाय. पण पहिल्यासारखी वेणी नाही होणार."

फिरोजाने खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. "मग सहा महिने काय झक मारायला टोचत होतीस?"

यंत्र बंद करून सिस्टर टाळू पुसत राहिली, अगदी हलक्या हातानं. फिरोजाचे डोळे भरून आले आणि त्याचाही तिला संताप आला. औषधवाला, डॉक्टर, मोबाइलवरच्या जाहिराती, सगळ्यांनी गोड बोलून गंडवलं होतं. खरं बोलली ती ही एकटी.

सिस्टरने आरसा धरला आणि मोठ्या दातांच्या कंगव्यानं, टाळूला लागणार नाही असा, केसांचा एक पदर डावीकडून उजवीकडे आणला. भांग झाकला गेला.

"असा पाडा. हळदीला कुणाला कळायचं नाही."

"हे कुठं शिकलीस गो?"

"आरशासमोर."

फिरोजाने आरशात इकडून तिकडून पाहिलं. खरंच कळत नव्हतं. ती खुर्चीवर नीट बसली, ओढणी घेतली आणि हुकूम सोडला, "मास्क काढ बघू."

सिस्टर क्षणभर घुटमळली. मग तिने मास्क काढला. सरळ नाक, हनुवटीवर तीळ, दमलेला पण नेटका चेहरा. फिरोजाने तो चांगला निरखून पाहिला. ही पोरगी आधी दिसली असती तर सात उंबरे झिजवायची पाळी आली नसती, असं तिला वाटलं. सहा महिन्यांत पहिल्यांदाच तिचा राग उतरला.

"तुझं कुठं ठरलंय?"

"नाही."

"मग ऐक. माझ्या कैसला तुझ्यासारखी पायजे. खरं बोलणारी, हाताला माया असणारी. तुझी टोपीपण काढायला सांगणार न्हाय मी. केस असोत, नसोत. घर कुठं तुमचं? या जुम्म्याला आम्ही बघायला येतो."

मुलीने मास्क मुठीत चुरगळला.

"रेवदंड्याला," ती म्हणाली. "येऊन गेलात, खाला."