दमापुरती जागा

यंदा ज्याला त्याला वरातीत मोबाइल गेमचं संगीत हवं होतं. म्हणून म्हसावदच्या प्रेमचंद बँडमास्तरांनी लेकीच्या मोबाइलला कान लावून, महिनाभर खपून, एका लढाईच्या गेमची धून बावीस वाद्यांवर बसवली. मशीनची धून ती, कुठे म्हणून श्वास घेत नव्हती. मास्तरांनी मात्र तिसऱ्या ओळीनंतर अख्खा बँड थांबेल अशी एक जागा पदरची घातली. कारण तीस वर्षांचा सोबती, ट्रम्पेटवाला भिला, त्याचा दम आता तिथवरच पुरायचा.

तरी ऐन लग्नसराईच्या तोंडावर भिला खोकत खोकत दारात येऊन उभा राहिला.

"मास्तर, आते मन्हा दम पुरस नही. यंदा मी येवाव नही."

"घर बस, आराम कर. तुन्ही जागा मी कोनले देवाव नही," मास्तर म्हणाले आणि त्यांनी भिलाचा लाल कोट घडी घालून पेटीत ठेवला.

पहिल्याच लग्नाला कोरीटच्या चौकात दोन वराती समोरासमोर आल्या. मास्तरांनी हात उचलायच्या आधीच समोरच्या बँडनं तीच धून उचलली.

"मास्तर, हाई तं आपली धून शे! कोन फुटना?" क्लॅरिनेटवाला योगेंद्र ओरडला.

"थांब. तिसरी ओळ व्हऊ दे."

तिसरी ओळ संपली. समोरची सगळी धडधाकट, तरणी पोरं एका दमापुरती गप्प झाली. आणि त्या शांततेत मास्तरांना ओळखीचा खोकला ऐकू आला.