भरलेला पाळणा

कंपनीचे हमाल सहदेव आणि गुणाजी पाळणाघरातले पाळणे न्यायला आले तेव्हा जेवणाची सुट्टी संपायला दहा मिनिटं होती आणि शेवंती पाच महिन्यांच्या शालूला पाजत बसली होती. दोघं दारातच पाठमोरे झाले.

"ऑर्डर आलीय, वैनी," सहदेव बाहेरच्या भिंतीला सांगितल्यासारखा म्हणाला. "चारही पाळणे गोडाउनला. इथं ट्रेनिंग रूम होणार म्हणे."

"आमचं ट्रेनिंग केव्हाच झालं, भावजी," शेवंती पदर सारखा करत म्हणाली. "या आत."

बाळकुमच्या त्या औषधांच्या कंपनीला नवे मालक येऊन अजून वर्ष व्हायचं होतं. आधी संध्याकाळचा नाश्ता गेला, मग ठाणे स्टेशनवरून येणारी कंपनीची बस गेली. दोन्ही वेळा बायका चार दिवस बोलल्या आणि पाचव्या दिवशी चालू लागल्या. पाळणाघराचं तसं नव्हतं. शेवंतीची सासू गावी, नवरा दिवसपाळीला. कोपर स्टेशनजवळच्या खोलीत शालूला ठेवायचं तर बाहेरून कुलूप घालूनच ठेवावं लागलं असतं. पाळणाघर गेलं की आपली नोकरी गेली, हे तिला कळत होतं. कंपनीलाही कळत होतं.

सहदेवने पहिल्या रिकाम्या पाळण्याला हात घातला. पाळणा करकरला.

"हात कार," आवडाबाई म्हणाली. खाडीकाठची ही कोळीण पंधरा वर्षं इथली आया होती. पोरं झोपवून झोपवून तिच्या आवाजाला अशी धार आली होती की मोठी माणसंही निमूट पडून राहावीत. "रिकामा पालना हलवतान कं रं? तुज्या आयशीनं शिकवला नाय तुला?"

सहदेवने हात काढला. गुणाजीने तर घातलाच नव्हता. त्याच्या सुनेला आठवा लागला होता.

तेवढ्यात पर्सोनेलचे नाडकर्णीसाहेब आले. तसे वाईट नव्हते. वाईट बातमी सांगायची असली की चष्मा पुसत बसायचे, म्हणजे समोरचं माणूस दिसायला नको.

"हे बघा, कायदा स्पष्ट आहे," ते चष्मा पुसत म्हणाले. "तीसच्या वर बायका असतील तर पाळणाघर. तुम्ही अठ्ठावीस."

"दिवालीला चौतीस व्हतो," आवडाबाई म्हणाली. "एकेकीला केबिनमंदी बोलवून घरी कोनी धारली?"

"ती स्वेच्छानिवृत्ती होती, बाई."

"हो ना," शेवंती म्हणाली. "स्वेच्छा तुमची, निवृत्ती आमची."

साहेबांनी ऐकलं न ऐकलं केलं. "सहदेव, उचला."

"रिकामा पाळणा हलवत नाहीत, साहेब."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात."

"मग भरलेला उचला," साहेब वैतागले. "काय वाटेल ते करा, पण उचला."

शेवंती उठली. पाळण्यात गोधडी नीट केली, शालूला निजवलं आणि सहदेवकडे वळली.

"ऐकलंत ना, भावजी? साहेबांची ऑर्डर आहे."

सहदेवने गुणाजीकडे पाहिलं. गुणाजीने हातांना थुंकी लावली. "कुठं न्यायचा?"

"गोडाउनात काय पोरं ठेवतात? चला माझ्या मागून."

पुढे शेवंती, मागे दोघांच्या हातांत पाळणा, त्यामागे काखेत दुपटी मारून आवडाबाई, अशी वरात निघाली. साहेबांच्या लक्षात येईतो ती पॅकिंग हॉलमध्ये पोचलीही होती. दोन नंबरच्या सरकत्या पट्ट्याशेजारी, शेवंतीच्या स्टुलाला लागून, पाळणा टेकला. भोंगा झाला. बायका आपापल्या जागी बसल्या.

साहेब मागून धापा टाकत आले. "इथं नाही चालणार. औषधाचा हॉल आहे हा. डोक्याला टोपी असल्याशिवाय इथं कुणालाही प्रवेश नाही." नियम सापडल्यावर माणसाला जरा बरं वाटतं, तसं त्यांना वाटलं.

लेबलं चिकटवणारी सगुणा उठली. खोक्यातून धुतलेली पांढरी टोपी काढून तिने शालूच्या डोक्यावर चढवली. टोपी नाकापर्यंत आली. शालूने टोपीखालूनच एक मोठी जांभई दिली.

पट्टा सुरू झाला. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या एकामागून एक येऊ लागल्या. हात मोकळे नव्हते, म्हणून शेवंतीने पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून घेतली. गावी तिची आई वाल सोलताना अशीच बांधायची. वर बाटलीला बूच बसत होतं, खाली पाळणा हलत होता. एकही बाटली हुकली नाही. हुकली असती तर साहेबांना बोलायला काही मिळालं असतं.

ते बराच वेळ तिथंच उभे राहिले. अठ्ठावीस बायकांपैकी एकीनेही मान वर केली नाही.

"किती दिवस चालवणार आहात हे?" त्यांनी शेवटी विचारलं.

शेवंतीने बाटल्यांवरची नजर काढली नाही.

"ती चालायला लागेपर्यंत, साहेब. मग तिची ती येईल तुमच्या केबिनमध्ये."