सोळा सूर

तीन सूर नीट वाजले आणि चौथ्याला हात अडकला. सुनयनाबाईंनी तो पियानोवरून उचलून मांडीवर ठेवला.

"बघितलंस? हे असं होतंय."

शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या दीक्षाने बघितलं होतं. टीचरच्या उजव्या हाताची अनामिका वाकतच नव्हती. मार्चमध्ये जिन्यावरून पडून त्यांचं मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघालं, बाकी सगळं जागेवर आलं, पण हे एक बोट ताठ ते ताठच राहिलं.

"उद्या शेवटचं तू वाजव," सुनयनाबाई म्हणाल्या. "तुझं छान बसलंय ते. त्यासाठीच बोलावलं तुला."

उद्या वाशीच्या हॉलमध्ये क्लासचा वार्षिक कार्यक्रम होता. शेवटची रचना दरवर्षी टीचर स्वतः वाजवायच्या. एकतीस वर्षांत एकदाही खंड पडला नव्हता.

दीक्षाचा चेहरा उजळला. ते बघून सुनयनाबाईंना बरंच वाटलं. बेलापूरच्या ऑफिसात नोकरी लागल्यावर, चोविसाव्या वर्षी शिकायला आलेली ही मुलगी. दोन वर्षांत तिने एक शनिवार चुकवला नव्हता. द्यायचंच तर हिलाच द्यावं.

पण दीक्षा त्यांच्या मांडीवरच्या हाताकडे बघत राहिली.

"टीचर, बाकीचं सगळं वाजतंय तुमचं?"

"वाजतंय गं. बाकीचं कसंही निभावते. हे सोळा सूर एका दमात वर चढतात ना, तिथेच सगळं अडतं."

"मग मला नको."

"वेडेपणा करू नकोस."

"एक सांगू? रागावू नका." दीक्षा खुर्ची पुढे ओढून बसली. "माझं पण चौथं बोट इथे ऐकत नव्हतं. तेव्हा मी माझी एक सेटिंग केली होती. आठवतंय?"

सुनयनाबाईंना आठवत होतं. दिवाळीनंतर दीक्षाने पुस्तकात एकेका सुराच्या डोक्यावर पेन्सिलीने स्वतःचे आकडे लिहून आणले होते, कुठल्या सुराला कुठलं बोट. त्यांनी ते एकूण एक खोडले होते. अंगठा काळ्या पट्टीवर? हे कोणी शिकवलं तुला? बोट ऐकत नसेल तर ऐकायला लाव, असं बजावलं होतं.

"ते आता कुठे लक्षात असणार तुझ्या," त्या हळूच म्हणाल्या.

"पाठ आहे. अंगठा, दोन, तीन. परत अंगठा, दोन, तीन. असं पाच वेळा, आणि शेवटचा सूर करंगळीवर. चौथ्याला बोलवायचंच नाही."

पहिल्या खेपेला सुनयनाबाईंचा अंगठा काळ्या पट्टीवरून घसरला. दुसऱ्या खेपेलाही.

"हात आत घ्या, टीचर. झाकणाकडे. कोपर मोकळं सोडा. घाई नको, आज नुसतं चालायचं, पळायचं नाही."

सगळं त्यांचंच बोलणं होतं. एकतीस वर्षं लोकांना सांगत आलेलं. ते असं परत आपल्या कानावर येईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्यांनी मुकाट्याने कोपर सोडलं.

नऊ सूर झाले. दहाव्याला अंगठा आत वळला आणि मनगटातून कळ आली. त्यांनी ओठ दाबले.

"दुखलं?" दीक्षाचा आवाज उतरला. "माझा हात लहान आहे, मला जमतं तिथे. तुमचं मनगट... सॉरी टीचर. मला वाटलं होतं होईल."

सुनयनाबाई पानाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी डावा हात उचलला.

"थांब. हा इथे रिकामाच बसलाय. दहावा सूर ह्याने घेतला तर?"

दीक्षाने पान जवळ ओढलं, मनातल्या मनात मोजलं आणि एकदम ताठ बसली. "चालेल! तेवढ्यात उजव्याला पुढे जायला वेळ मिळतो. मग परत अंगठ्यापासून."

पाऊण तास दोघी त्या दीड ओळीवर होत्या. कुठे एक बोट बदललं, कुठे मनगट जरा उचललं. खाली सोसायटीच्या गेटवर कोणीतरी हॉर्न वाजवत होतं, ते दोघींना ऐकूही आलं नाही. आणि मग एका खेपेला हात खालून निघाला तो वरच जाऊन थांबला. सोळाच्या सोळा सूर.

"दुखलं?"

"नाही." सुनयनाबाईंनी मनगट फिरवून बघितलं. "अगं, नाही दुखलं."

दीक्षाने टाळ्या वाजवल्या. सुनयनाबाईंनी विचारलं, "मी ते आकडे खोडले तेव्हा घरी जाऊन रडली होतीस ना?"

"घरी नाही. रिक्षात उरकलं."

त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मग दीक्षाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला.

"आणि उद्या तू काय करणार?"

"पानं उलटते तुमची."

"मला पानं लागत नाहीत. पाठ आहे सगळं."

"तरी बसते बाजूला."

सुनयनाबाईंनी मान हलवली आणि पुन्हा पियानोकडे वळल्या.

"परत एकदा. तू मोज."

दीक्षा मोजू लागली. हात एकेक पट्टी चढत गेला, आणि ते ताठ बोट कुठेही न टेकता, वरच्यावर, कडेवर घेतलेल्या पोरासारखं सगळ्यांबरोबर शेवटपर्यंत गेलं.