नववी सूचना

हेडसरांनी माइकवर टिचकी मारली, घसा साफ केला आणि शाळेचं वर्ष संपतानाच्या सूचना वाचायला घेतल्या.

सूचना छापून वाटलेल्या होत्याच. पण पोरांच्या हाती दिलेल्या कागदाचं घरी पोहोचेपर्यंत विमान झालेलं असतं, हा हेडसरांचा जुना अनुभव. म्हणून शेवटच्या दिवशी पालकांना पटांगणात उभं करून ते अख्खा कागद मोठ्यानं वाचायचे. पालकही कागद हातात धरून ऐकायचे आणि आळीपाळीनं जांभया द्यायचे.

दुसरीच्या बाई आपल्या वर्गाच्या रांगेशेजारी उभ्या होत्या. त्यांच्या हातात सूचनांचा कागद होता आणि काखेत निकालाची वही. सगळे रकाने भरलेले, एकच रिकामा. रांगेत तिसऱ्या उभ्या असलेल्या मुलीचा, तोंडी परीक्षेचा.

मुलगी वर्षभरात शाळेत एक अवाक्षर बोलली नव्हती. लिहायची मोत्यासारखं, गणित तर सगळ्यांच्या आधी सोडवून बसायची. पण काही विचारलं की ओठ घट्ट. "घरी हिची टकळी थांबता थांबत नाही हो बाई," तिचे वडील सांगायचे. नळदुरुस्तीची पिशवी खांद्याला अडकवून ते दर महिन्याला येत आणि दर महिन्याला हेच सांगत. बाई मान डोलवायच्या. खरं मात्र त्यांना कधी वाटलं नाही.

सकाळीच हेडसर म्हणाले होते, "आज दुपारपर्यंत एक शब्द बोलू दे, मी डोळे मिटून सही करतो. नाहीतर पुन्हा दुसरी. नियम काही मी केला नाही, बाई."

बाईंनी सकाळपासून सगळं करून पाहिलं होतं. लाडानं विचारलं, कान तिच्या ओठांशी नेला, शेवटी स्वतःच रडकुंडीला आल्या. मुलगी त्यांच्याकडे काळजीनं बघत राहिली, इतकंच. मग उठली आणि रोजच्यासारखी फळ्याशेजारच्या लाकडी पाटीवरची तारीख बदलून आली. ते काम बाईंनीच तिला दिलं होतं. तोंड लागत नाही असं तेवढं एकच काम वर्गात होतं. पोरं तिला हाकही 'तारीख' अशीच मारायची.

"सूचना सहावी," हेडसर वाचत होते. "हरवलेल्या वस्तूंच्या खोक्यात अकरा स्वेटर, एक डावा बूट आणि एक कवळी आहे. कवळी ज्यांच्या आजोबांची असेल, त्यांनी कृपया आजच न्यावी."

पटांगण खो खो हसलं. बाई हसल्या नाहीत. ग्रंथालयाची पुस्तकं झाली, डब्यांवर नावं घालायची झाली. आता एकच सूचना उरली होती, आणि ती संपली की वही हेडसरांच्या टेबलावर.

"सूचना नववी. सुट्टीनंतर शाळा सोमवारी, अकरा तारखेला, सकाळी ठीक आठ वाजता भरेल."

कुणीतरी बाईंची बाही ओढली. "थांब गं, संपतच आलंय," बाई खाली न बघताच म्हणाल्या.

"चूक आहे," मुलगी म्हणाली.

हेडसर नेमके श्वास घ्यायला थांबले होते, त्यामुळे ते दोन शब्द पार कुंपणापर्यंत गेले. दुसरीची रांग गर्रकन वळली. "तारीख बोलली!" एक पोरगं ओरडलं.

"सोमवारी दहा तारीख आहे," मुलगी म्हणाली. "अकराला मंगळवार."

बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. हा आवाज त्यांनी मनात कितीदा ऐकला होता, बारीक, चिमणीसारखा. खरा आवाज जाडसर होता, किंचित घोगरा, आणि अजिबात न घाबरलेला. असा आवाज वर्षभर आपल्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसून होता. काखेतली वही कधी खाली पडली ते त्यांना कळलंही नाही.

कागदाकडे कुणीच बघत नव्हतं. सगळे तिच्याकडे बघत होते. तिचं ऐकलं सगळ्यांनी, पण ती काय म्हणाली ते एकाच्याही डोक्यात शिरलं नव्हतं. मुलीनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि तिचा संयम सुटला.

"अहो, लिहून घ्या ना! सगळे चुकीच्या दिवशी येतील!"

मग एकदम धांदल उडाली. खिसे चाचपले गेले, पर्सा उघडल्या, एकाच पेनासाठी चार हात पुढे आले. हेडसर माइक बंद न करताच बोटांवर मोजू लागले, पंचवीस, सव्वीस, सत्तावीस. मोजत मोजत पुढच्या महिन्यात शिरले आणि थांबले.

"दहाच," ते हळूच म्हणाले. "अहो, आम्ही तिघांनी तपासलं होतं."

मागे कुंपणाशी तिच्या वडिलांनी खांद्यावरची पिशवी जमिनीवर ठेवली. आत लोखंडी पाने एकमेकांवर खणखणले.

हेडसर पायऱ्या उतरून रांगेशी आले आणि तिच्यासमोर वाकले. एरवी त्यांच्या आवाजानं चौथीची पोरंसुद्धा थरथर कापायची. आता त्यांनी अगदी हळू विचारलं.

"आणखी काही चुकलंय का, बाळ?"

मुलीनं बाईंच्या हातातला कागद घेतला. पहिल्या सूचनेवर बोट ठेवलं आणि ओळीओळीनं सावकाश खाली येऊ लागली. पटांगणभर माणसं कागद हातात धरून उभी होती, आणि जांभई कुणालाही आली नाही.