खालची जाळी

ताईने लॅपटॉप चौथ्यांदा धाकट्या भावाच्या दुरुस्तीच्या टेबलावर आणून ठेवला. मोठं स्कॅन उघडलं की तो तापायचा आणि मध्येच बंद पडायचा. वीस वर्षं लोकांची स्कॅन वाचणारी ही डॉक्टर बहीण, पण आज तिचा आवाज पार खोल गेला होता.

भावाने पंख्यातली धूळ काढली, चिपवरची उष्णता खेचणारी पेस्ट बदलली, दोन तास लॅपटॉपला नुसतं राबवून घेतलं. गडी एकदाही बंद पडला नाही.

"खालची जाळी झाकत नाहीस ना? तिथूनच हवा खेळते, हे तुला दरवेळी सांगतोय."

"नाही रे."

"मग घे नेहमीसारखा मांडीवर. तुझी ती स्कॅनची फाइल मीच उघडतो."

तिने दोन्ही हातांनी लॅपटॉप खालून घट्ट धरला. पडद्यावर आधी पेशंटचं नाव आलं. ताईचंच. चित्र हळूहळू भरत होतं. ताईने डोळे मिटून घेतले होते. अर्धं चित्र आलं आणि पडदा काळा झाला.

भावाने अलगद तिच्या मांडीवरून लॅपटॉप उचलला.



तिच्या दोन्ही तळहातांवर जाळीने भाजल्याचे वळ होते. काही ताजे, काही जुने.