मोकळ्या नंबरांची यादी

यादीत एकोणचाळिसाव्या ओळीवर तिच्या अण्णांचा नंबर होता.

बंद घराचा फोन. सहा महिन्यांत एकही कॉल उचलला गेला नव्हता, आणि असा पडून राहिलेला नंबर मोकळा करून दुसऱ्याला द्यायचा, हा नियम. नंबर कुठला, तो कुठल्या तारेवर, तार कुठल्या घरात, या नोंदी एकमेकींना बांधून ठेवणं हेच तिच्या खात्याचं काम.

"आज यादी हातावेगळी करायची," मागच्या टेबलावरून साहेब म्हणाले. अख्खं खातं त्यांना हेडमास्तर म्हणे.

"सर, एक नंबर ठेवला तर?"

"कुणाचा?"

"असाच."

"यादी वरून आलीय. नियम म्हणजे नियम." ते चष्मा पुसत बसले.

"कुणाला विचारतेस, बाई!" शेजारीण कुजबुजली. "रोज संध्याकाळी स्वतःच्या टेबलावरचा फोन बोंबलून मरतो, तो उचलत नाहीत. तुझं काय ऐकणार?"

सहा वाजत आले होते. अण्णा गेल्यापासून रोज सहाला ती जिन्यात जाऊन मोबाइलवरून तो नंबर लावायची. पलीकडे बेल वाजायची. खिडकीपाशी स्टूल, फोनवर आईने विणलेला रुमाल, बाजूला अण्णांची खुर्ची. बेल वाजत असेपर्यंत सगळं जागच्या जागी असायचं. घराची किल्ली पर्समध्येच होती. कुलूप उघडायचा धीर झाला नव्हता.

नंबरची नोंदही तिने कधी उघडली नव्हती. आज मोकळा करायचा, म्हणजे उघडणं आलं.

नंबर: चालू.

तार: काढून टाकली.

तिने तारीख पाहिली. चार महिने झाले होते. त्या भागातल्या जुन्या तारा उपटल्या, तेव्हा दोनशे नोंदी तिनेच एका दमात बदलल्या होत्या. पत्ते वाचायचे राहूनच गेले होते.

घरात तारच नाही. मग कालपर्यंत वाजत काय होतं?

आज ती जिन्यात गेली नाही. तिने बसल्या जागीच नंबर लावला, मोबाइल कानाशी धरला.

बेल वाजली. कानात, आणि पाठीमागेही.

ती वळली. हेडमास्तरांच्या टेबलावरचा फोन वाजत होता. अण्णांचा नंबर तिथे वळवलेला होता. शेजारणीने सवयीने हात पुढे केला.

"राहू दे," मान वर न करता ते म्हणाले. "वाजू दे तो."